नाव, वेश आणि भिक्षा : मध्ययुगीन ख्रिस्ती भिक्षेकरी बंधूंची ओळख

तेराव्या शतकाच्या आरंभी युरोपात 'फ्रायर' नावाचा जो नवा साधुवर्ग उदयाला आला, त्याच्या संस्थापकांच्या चरित्रांवर, त्याच्या तत्त्वचिंतनावर आणि विद्यापीठांतील त्याच्या कामगिरीवर विपुल लेखन झाले आहे. मात्र या वर्गाला त्याची नावे कशी मिळाली आणि दारात उभा राहिलेला अनोळखी माणूस याच वर्गातला आहे हे घरातल्या माणसाने कशावरून ओळखावे, हा प्रश्न बहुधा वेशभूषेच्या वर्णनात गुंडाळला जातो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे. ज्याचे पोट दुसऱ्याने वाढलेल्या भाकरीवर अवलंबून असते त्याला आपली ओळख रोज नव्याने पटवून द्यावी लागते, आणि या बंधूंची नावे, त्यांचे रंग, त्यांच्या कमरेच्या दोऱ्या व हातातल्या काठ्या यांचा इतिहास या रोजच्या गरजेतून घडला आहे, असे येथे मांडायचे आहे.

प्रथम शब्दांविषयी. 'फ्रायर' हा शब्द लॅटिन 'फ्रातेर', म्हणजे भाऊ, या शब्दापासून जुन्या फ्रेंचमधील 'फ्रेर'मार्गे इंग्रजीत आला, तर 'मंक' हा शब्द ग्रीक 'मोनाखोस', म्हणजे एकटा राहणारा, यापासून आला आहे. मराठीत दोघांनाही सरसकट साधू किंवा संन्यासी म्हटले जात असल्याने येथे पहिल्यासाठी 'भिक्षेकरी बंधू' आणि दुसऱ्यासाठी 'मठवासी' असे शब्द योजले आहेत. मठवासी एका मठात प्रवेश करताना त्याच मठात राहण्याचे व्रत घेत असे, मठाला शेतजमीन, पाणचक्क्या, कुळे आणि खंड असत, आणि त्यामुळे त्याची ओळख जमिनीला बांधलेली होती. क्लूनी या गावच्या मठावरून क्लूनीकर, सीतो या ठिकाणच्या मठावरून सिस्टर्शियन, प्रेमोंत्रेवरून प्रेमोंत्रेकर अशी त्यांची नावे पडली. गावावरून आडनाव पडण्याची जी रीत मराठी वाचकाला अंगवळणी पडलेली आहे तीच ही रीत. भिक्षेकरी बंधूंनी मात्र व्यक्तिगत मालकीबरोबर संघाची सामाईक मालकीही नाकारली आणि एका जागी राहण्याचे व्रतही घेतले नाही, म्हणून त्यांना गाव नव्हते, आणि गाव नसल्यामुळे आडनावही नव्हते. नाव कशावरून घ्यायचे, हा पेच त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून उभा होता.

त्यात भर पडली ती भिक्षेच्या अर्थाची. मराठीने भिक्षेकरी आणि भिकारी हे दोन शब्द वेगळे राखले आहेत, आणि व्रत म्हणून मागणारा व गत्यंतर नाही म्हणून मागणारा यांच्यातील भेद त्या दोन शब्दांत जपला गेला आहे. लॅटिनमध्ये दोघांनाही 'मेंदिकुस' हाच शब्द होता. धडधाकट माणसाने हात पसरावा की नाही, याविषयी पॅरिसच्या विद्यापीठात १२५० नंतरच्या दशकात कडाक्याचा वाद झाला, आणि बंधूंवर टीका करणारे प्राध्यापक गिय्योम द सेंतामूर यांचा ग्रंथ १२५६ मध्ये पोपने निषिद्ध ठरवला. त्या वादाच्या मुळाशी शब्दांची ही उणीवही होती, असे मानायला जागा आहे, कारण ज्या भाषेत भिकाऱ्याला आणि भिक्षेकऱ्याला एकच नाव असते त्या भाषेत भिक्षेकऱ्याला आपले वेगळेपण नावाने नव्हे तर वेशाने आणि वर्तनाने सिद्ध करावे लागते.

असिसी येथील फ्रान्सिस यांच्यापासून या इतिहासाला आरंभ करणे योग्य ठरते, आणि त्यातही ते कापडाच्या व्यापाऱ्याचे पुत्र होते ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्यांचा बाप्तिस्मा जिओवान्नी या नावाने झाला होता व वडील पिएत्रो दी बेर्नार्दोने यांनी त्यांना फ्रांचेस्को म्हणायला सुरुवात केली. इटालीतील त्या काळच्या शहरांत कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड अंगावर घ्यावे हे दुकानात बसलेल्या मुलाला पाठ असणार. सुमारे १२०६ मध्ये बिशपसमोर अंगावरचे सगळे कपडे उतरवून त्यांनी ते वडिलांना परत केले, तेव्हा कापडाची भाषा जाणणाऱ्या माणसाने त्याच भाषेत दिलेला तो नकार होता. त्यानंतर त्यांनी जाडेभरडे वस्त्र घेतले आणि चामड्याच्या पट्ट्याऐवजी कमरेला दोरी बांधली. पट्ट्याला पैशाची पिशवी लटकवता येत असे. दोरीने फक्त वस्त्र आवळले जाते.

आरंभीच्या सोबत्यांना कोणी विचारले की तुम्ही कोण, तर आपण असिसी शहरातले प्रायश्चित्त घेणारे लोक आहोत, असे ते सांगत असल्याचे फ्रान्सिस यांच्या जुन्या चरित्रपरंपरेत नोंदलेले आहे. हे उत्तर आहे, पण नाव नाही, कारण प्रायश्चित्त घेणारे लोक त्या काळी इटालीत गावोगाव होते. पुढे 'फ्रात्रेस मिनोरेस', म्हणजे 'लहान बंधू' किंवा 'धाकटे बंधू', हे नाव स्थिर झाले. असिसीत १२१० मध्ये शहरातील 'मायोरेस', म्हणजे थोर घराणी, आणि 'मिनोरेस', म्हणजे सामान्य नागरिक, यांच्यात करार झाला होता, त्यामुळे 'मिनोर' हा शब्द त्या शहराच्या रस्त्यांत राजकीय अर्थाने ऐकू येत होता. बंधूंनी घेतलेल्या नावात गावातली ही खालची बाजू आणि शुभवर्तमानातील लहानांविषयीची शिकवण या दोन्हींचे पडसाद उमटतात. जर्मन इतिवृत्तकार बुर्खार्ड फॉन उर्सबेर्ग यांनी एक सूक्ष्म गोष्ट टिपली आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार हे लोक आधी 'गरीब लहान' असे म्हणवून घेत, परंतु गरिबीचे नाव मिरवण्यातही अहंकार शिरू शकतो असे वाटून त्यांनी 'लहान बंधू' हे नाव पत्करले. गरिबी ज्यांचे सर्वस्व होती त्यांनी नावातून गरिबीच वगळावी, यातली नीतीची बारीक जाण मनाला स्पर्शून जाते. पोप तिसरे होनोरिउस यांनी २९ नोव्हेंबर १२२३ रोजी मान्य केलेल्या नियमावलीत हेच नाव कायम झाले. तिच्या आधीच्या नियमावलीत तर कोणालाही मठाधिपती म्हणू नये, सर्वांना सारखेच 'लहान बंधू' म्हणावे, असे बजावलेले होते, आणि अधिकारावर असलेल्यांना 'मिनिस्टर', म्हणजे सेवक, ही संज्ञा दिली गेली.

नाव ठरले म्हणजे ओळख पटली असे मात्र होत नाही, याचा अनुभव बंधूंना लवकरच आला. जिआनोचे जॉर्डन या बंधूंनी १२६२ मध्ये सांगून लिहवून घेतलेल्या इतिवृत्तात १२१९ च्या जर्मनी मोहिमेची हकिगत आहे. सुमारे साठ बंधू आल्प्स ओलांडून जर्मनीत गेले, त्यांच्यापैकी कोणालाही तिथली भाषा येत नव्हती, आणि निवारा किंवा जेवण हवे का असे विचारल्यावर त्यांनी 'या' असे, म्हणजे होकारार्थी, उत्तर दिले तेव्हा त्यांचा चांगला पाहुणचार झाला. या एका शब्दाचा गुण पाहून त्यांनी कोणत्याही प्रश्नाला तेच उत्तर देण्याचे ठरवले. पुढे कोणीतरी विचारले की तुम्ही लोम्बार्डीतले पाखंडी आहात काय आणि तिथल्यासारखेच इथले लोक बिघडवायला आला आहात काय, आणि त्यांनी त्यालाही 'या' म्हटले. त्यानंतर काहींना मारहाण झाली, काहींना कोंडले, काहींची वस्त्रे उतरवून धिंड काढली. फ्रान्समध्ये गेलेल्यांनाही तुम्ही आल्बिजेन्शियन, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या पाखंडी पंथाचे, आहात का असे विचारले गेले आणि तिथेही शब्दाचा अर्थ न कळून त्यांनी होकार दिला.

ही हकिगत बहुधा गमतीने सांगितली जाते, परंतु तिच्यात एक गंभीर वस्तुस्थिती आहे. अनवाणी, फाटक्या वस्त्रातला, पैसा न बाळगणारा आणि चर्चच्या श्रीमंतीपासून दूर राहून उपदेश करणारा माणूस १२०० च्या आसपासच्या युरोपात दोन प्रकारचा असू शकत होता : पाखंडी किंवा संत. वाल्डेन्शियन पंथाचे उपदेशकही गरिबीतच हिंडत होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यात आणि फ्रान्सिस यांच्या सोबत्यांत फरक करता येण्याजोगी एकही खूण नव्हती. म्हणून पोप तिसरे होनोरिउस यांनी जून १२१९ मध्ये बिशपांना उद्देशून पत्र दिले की हे बंधू कॅथलिक श्रद्धेचे आहेत, त्यांना आसरा द्यावा, आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधील धर्माधिकाऱ्यांसाठी असेच दुसरे पत्र निघाले. ज्यांनी काहीही जवळ न बाळगण्याचे व्रत घेतले होते त्यांना आता एक कागद बाळगणे भाग पडले. सीझर ऑफ स्पायर यांच्या नेतृत्वाखाली १२२१ मध्ये जर्मनीत गेलेली दुसरी तुकडी, जर्मन भाषा जाणणारे बंधू बरोबर असल्याने, रुजली.

दुसरा मोठा संघ डोमिनिक दे गुझमान यांचा. डोमिनिक यांच्यापुढचा प्रश्न उलट होता, कारण त्यांचे काम आधीपासून स्पष्ट होते : दक्षिण फ्रान्समधील पाखंडी मतांविरुद्ध, पाखंड्यांइतक्याच गरिबीत राहून, विद्वत्तेच्या बळावर उपदेश करणे. त्यांच्या नावाचा प्रश्न एका चर्मपत्रावर सुटलेला पाहता येतो. पोपच्या कार्यालयातून २१ जानेवारी १२१७ रोजी तुलूझ परिसरातील या बंधूंना जे पत्र पाठवले गेले त्यात लेखनिकाने प्रथम 'प्रेदिकान्तेस', म्हणजे 'उपदेश करीत असलेले', असा शब्द लिहिला होता, आणि तो खरवडून त्याजागी 'प्रेदिकातोरेस', म्हणजे 'उपदेशक', हा शब्द बसवला गेला. मराठीत गाणारा आणि गायक या दोन शब्दांत जे अंतर आहे तेच या दोन लॅटिन शब्दांत आहे : गाणारा आज गात आहे, उद्या गाईलच असे नाही, गायक हा गात नसतानाही गायकच असतो. उपदेश करणे हे तोवर बिशपांचे काम मानले जात होते व बाकीच्यांना ते परवानगीने करता येई. चाकूच्या पात्याने खरवडलेल्या त्या दोन-तीन अक्षरांनी एका संपूर्ण संघाला ते काम कायमचे पद म्हणून बहाल केले.

या संघाचे अधिकृत नाव आजही 'उपदेशकांचा संघ' असेच आहे, पण रस्त्यावरच्या माणसाने ते क्वचितच वापरले. पॅरिसमध्ये १२१८ मध्ये त्यांना संत याकोब यांच्या नावाचे, यात्रेकरूंसाठी असलेले एक धर्मगृह मिळाले, आणि लॅटिन 'याकोबुस' या नावावरून फ्रान्समध्ये त्यांना 'जाकोबँ' म्हटले जाऊ लागले. ज्यांना गाव नव्हते त्यांना शेवटी एका घराने आडनाव दिले. साडेपाचशेहून अधिक वर्षांनंतर फ्रेंच राज्यक्रांतीतील एक राजकीय मंडळ पॅरिसमधल्या त्यांच्याच दुसऱ्या एका जुन्या मठात भरू लागले आणि त्या मंडळाला जे नाव चिकटले ते हेच, त्यामुळे मराठी वाचकाला 'जेकोबिन' हा शब्द रोबेस्पिएरच्या संदर्भात माहीत असतो, डोमिनिकच्या संदर्भात नव्हे. त्यांच्या नावावर आणखी एक श्लेष रचला गेला : 'दोमिनिकानी' या शब्दाची फोड 'दोमिनी कानेस', म्हणजे प्रभूचे कुत्रे, अशी केली गेली. डोमिनिक यांच्या आईला गरोदरपणी स्वप्नात तोंडात मशाल धरलेला कुत्रा दिसल्याची कथा त्याहून जुनी आहे. फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेल्ला या त्यांच्याच चर्चला लागून असलेल्या दालनात आंद्रेआ दी बोनाइउतो यांनी १३६५ च्या सुमारास रंगवलेल्या भित्तिचित्रात काळेपांढरे कुत्रे लांडग्यांवर तुटून पडताना दिसतात, आणि ते काळेपांढरे आहेत याचे कारण बंधूंच्या पांढऱ्या अंगरख्यावरचा काळा झगा हेच आहे. तोवर नाव, कथा आणि वेश एकमेकांत इतके मिसळले होते की चित्रकाराला कुत्रा रंगवून माणूस ओळखवता येत होता.

रंगावरून ओळखण्याची रीत बंधूंच्या आधीचीच होती, कारण बेनेडिक्टच्या नियमावलीचे मठवासी काळे आणि सिस्टर्शियन मठवासी पांढरे, हा भेद बाराव्या शतकातच रूढ झाला होता. इंग्लंडमधील लोकांनी हीच रीत बंधूंना लावली आणि डोमिनिकन म्हणजे ब्लॅकफ्रायर, फ्रान्सिस्कन म्हणजे ग्रेफ्रायर, ज्यांची कहाणी पुढे येते ते कार्मेलाइट म्हणजे व्हाइटफ्रायर अशी नावे प्रचलित झाली. डेन्मार्कमध्येही काळे बंधू आणि करडे बंधू हीच नावे रुजली. जर्मन लोकांनी रंगाऐवजी पायांकडे पाहिले आणि फ्रान्सिस्कनांना 'बारफ्यूसर', म्हणजे अनवाणी, म्हटले. फ्रेंच लोकांची नजर कमरेवर गेली आणि त्यांनी दोरीवरून 'कोर्देलिये' हे नाव दिले. दारात उभ्या असलेल्या माणसाकडे वरून खालपर्यंत पाहताना कोणत्या देशाची नजर कुठे थबकली, हे या नावांत अजून वाचता येते. आणखी एका देशात आणि वेगळ्या शतकात, १५२८ मध्ये, फ्रान्सिस्कनांमधूनच निघालेल्या एका कडक शाखेला इटालीत लांब टोकदार टोपरामुळे कापुचिन हे नाव मिळाले, तेव्हा नजर डोक्यावर पोचली होती.

यातला करडा रंग मुळात ठरवून निवडलेला रंगच नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. न रंगवलेल्या लोकरीचे घोंगडे ज्यांनी हाताळले आहे त्यांना काळी आणि पांढरी लोकर एकत्र कातली की कसा मळकट करडा पोत तयार होतो हे सांगावे लागणार नाही. रंगवण्याचा खर्च टाळलेले सर्वांत स्वस्त कापड ते हेच. फ्रान्सिस्कनांच्या १२६० च्या नार्बोन येथील संविधानात बाहेरचे वस्त्र अगदी काळे किंवा अगदी पांढरे नसावे, एवढेच सांगितले आहे, म्हणजे दोन टोके वर्ज्य होती आणि मधला सारा पट्टा मोकळा होता. आज फ्रान्सिस्कन म्हटले की जो तपकिरी रंग डोळ्यांपुढे येतो तो पोप तेरावे लिओ यांनी १८९७ मध्ये विविध शाखांचे एकीकरण केले तेव्हा सर्वत्र सारखा झाला, त्यामुळे मध्ययुगावरच्या चित्रपटांत तपकिरी झग्यातले बंधू दिसतात तेव्हा ती पाचशे-सहाशे वर्षांची चूक असते. १२२३ च्या नियमावलीत तर रंगाचा उल्लेखच नाही. टोपराचा एक अंगरखा, टोपराशिवायचा दुसरा, दोरी, गरज पडल्यास पादत्राणे, वस्त्रे हलक्या किमतीची, आणि फाटली तर गोणपाटाची ठिगळे लावण्याची मुभा, इतकेच तिच्यात आहे. नव्याने आलेल्या उमेदवाराला मात्र टोपराचा अंगरखा मिळत नसे, त्यामुळे डोक्यावरचे टोपर पाहून माणूस व्रतस्थ आहे की शिकाऊ हे कळत होते.

या साऱ्या इतिहासात ज्या एका कागदपत्राकडे फार थोड्यांचे लक्ष जाते आणि ज्याच्याजवळ थांबणे सर्वांत अगत्याचे आहे, ते म्हणजे पोप नववे ग्रेगोरी यांचे २४ मार्च १२४० चे आज्ञापत्र. उत्तर इटालीत मांतुआचे जिओवान्नी बुओनी यांच्या अनुयायांचा एक एकांतवासी संघ होता; हे लोक करडे वस्त्र कमरेशी आवळून हिंडत, आणि भिक्षा घालणाऱ्यांना ते फ्रान्सिस्कनच वाटत. फ्रान्सिस्कनांनी तक्रार केली की त्यांच्या नावाची भिक्षा दुसऱ्याच्या झोळीत पडते आहे. पोपनी त्यावर जो निर्णय दिला त्यात कोणाच्या श्रद्धेचा किंवा शिकवणीचा प्रश्नच नाही; सारा निर्णय कापड, चामडे आणि लाकूड यांविषयी आहे. या एकांतवासींनी यापुढे काळा किंवा पांढरा अंगरखा घालावा, त्याच्या बाह्या रुंद असाव्यात, त्यावर चामड्याचा पट्टा सहज दिसेल असा बांधावा, हातात पाच वितींची काठी घ्यावी, वस्त्राची लांबी इतकीच ठेवावी की पायांतील पादत्राणे पाहणाऱ्याला दिसावीत, आणि भिक्षा मागताना आपण कोणत्या संघाचे आहोत हे तोंडाने सांगावे.

या यादीतील प्रत्येक वस्तू फ्रान्सिस्कनांच्या एकेका वस्तूच्या विरुद्ध बाजूला उभी केलेली आहे. करड्याच्या विरुद्ध काळा-पांढरा, दोरीच्या विरुद्ध पट्टा, रिकाम्या हाताच्या विरुद्ध काठी, अनवाणी पायांच्या विरुद्ध पादत्राणे. आणि एवढे करूनही घोटाळा होऊ शकतो म्हणून शेवटी शब्द. पाच विती म्हणजे एक मीटरहून थोडी अधिक लांबी, अर्थात ही काठी चालताना टेकण्याच्या उपयोगाची होती, पण आज्ञापत्राला तिचे काम वेगळेच अपेक्षित होते : ती लांबून दिसावी, म्हणजे दार उघडणाऱ्या बाईला भाकरी आणायला आत जाण्यापूर्वीच पाहुणा कोण हे कळावे. पोपच्या कार्यालयाने एका शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहून तेथील नजरेने पाहावे, आणि त्या नजरेला फसवणूक होऊ नये म्हणून विती मोजून काठी ठरवून द्यावी, असे उदाहरण मध्ययुगाच्या कायद्यात विरळाच सापडेल. दात्याचा आपण कोणाला देतो हे जाणून घेण्याचा हक्क येथे मान्य झाला आहे, आणि या आज्ञापत्राचे खरे मोल त्यातच आहे. पुढे १२५६ मध्ये पोप चौथे अलेक्झांडर यांनी हा आणि असेच आणखी काही एकांतवासी संघ एकत्र करून ऑगस्टिनियन बंधूंचा मोठा संघ उभा केला, आणि काळे वस्त्र व चामड्याचा पट्टा हीच त्याची ओळख राहिली.

कार्मेलाइट बंधूंची कहाणी याहून अवघड आहे. हे पवित्र भूमीतील कार्मेल पर्वतावरचे एकांतवासी. जेरुसलेमचे पॅट्रिआर्क, म्हणजे तेथील प्रमुख बिशप, आल्बर्ट यांनी त्यांना १२०६ ते १२१४ च्या दरम्यान जीवनपद्धती घालून दिली होती, आणि तेथील लढायांमुळे १२३८ च्या सुमारास ते युरोपात येऊ लागले. त्यांच्या अंगावर आडव्या किंवा उभ्या पट्ट्यांचा झगा होता. पश्चिम युरोपात पट्टेरी कापड हलक्या व बदनाम लोकांचे मानले जात असल्याने पॅरिसच्या रस्त्यांत त्यांची हेटाळणी झाली आणि 'पट्टेवाले' हेच त्यांचे नाव होऊन बसले. पट्ट्यांचे समर्थन करणारी कथाही तयार झाली : संदेष्टा एलिया अग्निरथातून स्वर्गात जाताना त्याने आपला झगा शिष्य एलिशाकडे टाकला, आणि ज्वाळांतून पडताना घड्या जिथे उघड्या होत्या तिथे त्याच्यावर करपल्याचे पट्टे उमटले. कथा सुंदर आहे, पण रस्त्याने ती ऐकली नाही. १२८७ मध्ये मोंपेलिए येथील महासभेत कार्मेलाइटांनी पट्टे सोडून पांढरा झगा घेतला.

त्यांच्या नावाची परीक्षा वस्त्राहून कठीण होती. फ्रान्सिस्कनांना फ्रान्सिस, डोमिनिकनांना डोमिनिक. कार्मेलाइटांना मात्र बोट दाखवण्याजोगा संस्थापक नव्हता. १२८१ च्या त्यांच्या संविधानाचे पहिलेच प्रकरण या उणिवेला वाहिलेले आहे : संघाचा उगम कोणापासून आणि कसा झाला असे विचारणाऱ्यांना आपले तरुण बंधू नीट उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना उत्तर लिहून दिले आहे, असे तिथे म्हटले आहे, आणि उत्तर एलिया व एलिशा यांच्या काळापर्यंत मागे नेलेले आहे. कोणातरी ओट्यावर, विद्यापीठाच्या आवारात किंवा बाजारात अडवून विचारलेल्या प्रश्नापुढे गप्प झालेला एखादा कोवळा बंधू या कोरड्या कायदेशीर वाक्यामागे उभा असलेला जाणवतो. 'कार्मेल पर्वताच्या धन्य मारियेचे बंधू' हे त्यांचे पूर्ण नाव उच्चारायला लांब होते व प्रतिस्पर्ध्यांना ते मान्यही नव्हते. अखेर पोप सहावे अर्बन यांनी १३७९ मध्ये त्यांना या नावाने संबोधणाऱ्यांना पुण्यलाभ, म्हणजे पापाच्या शिक्षेतील सूट, जाहीर केली. योग्य नावाने हाक मारणाऱ्याला परलोकातले बक्षीस देण्याची पाळी यावी, यावरून रस्त्याच्या जिभेपुढे अधिकृत नावाचे काय चालत होते हे उमगते.

एवढ्या संघांच्या गर्दीवर चर्चने दोनदा बांध घातला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने नवे संघ काढू नयेत असे ठरवले, आणि १२७४ च्या लिओं येथील दुसऱ्या परिषदेने त्या निर्णयानंतर पोपच्या मान्यतेविना निघालेले संघ बंद केले व मान्यता मिळालेल्या भिक्षेकरी संघांनाही नवे सदस्य घेण्यास मनाई केली. भिक्षेकरी म्हणजे कोण याची कायदेशीर व्याख्या तिथे स्पष्ट होते : ज्यांना त्यांच्या नियमानुसार उत्पन्न किंवा मालमत्ता ठेवता येत नाही आणि ज्यांचा निर्वाह उघडपणे मागितलेल्या, अनिश्चित भिक्षेवर चालतो असे संघ. फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन यांना त्यांच्या उघड उपयुक्ततेमुळे वगळले गेले, ऑगस्टिनियन आणि कार्मेलाइट यांना तूर्त राहू दिले, आणि बाकीचे बहुतेक संपले. संपलेल्यांत 'गोणपाटाचे बंधू' म्हणून ओळखला जाणारा, जाड्याभरड्या वस्त्रावरून नाव मिळालेला एक बराच मोठा संघ होता. त्याला नवे सदस्य घेता येईनात, आणि म्हातारे बंधू एकेक करून वारल्यावर तो विझून गेला. त्यांच्यावर कोणताही दोष सिद्ध झालेला नव्हता, ते उशिरा आले एवढेच, आणि ही गोष्ट इतिहासाने फार सहज पचवली आहे.

मान्यतेविना निघालेल्या पंथांपैकी एक तर वेशावरच उभा होता. इटालीतल्या पार्मा शहरात जेरार्दो सेगारेल्ली या माणसाला फ्रान्सिस्कनांनी आपल्यात घेतले नाही, तेव्हा १२६० च्या सुमारास त्याने चित्रांतल्या प्रेषितांसारखा पोशाख करून आपलाच पंथ काढला. याच शहरातले फ्रान्सिस्कन इतिवृत्तकार सालिम्बेने यांचा त्याच्यावरचा राग पानोपानी दिसतो, आणि त्यातले एक कारण ते लपवत नाहीत : पार्माचे लोक या मंडळींना खऱ्या बंधूंपेक्षा अधिक आनंदाने भिक्षा घालत. सेगारेल्लीला १३०० मध्ये जिवंत जाळले गेले. सालिम्बेने यांच्या स्वतःच्या नावाची गोष्टही येथे नोंदवण्यासारखी आहे. घरी त्यांना ओन्येबेने, म्हणजे 'सर्व चांगले', म्हणत. फ्रान्सिस यांनी संघात घेतलेल्या शेवटच्या वृद्ध बंधूने त्यांना सांगितले की देवाखेरीज कोणी चांगला नाही, आणि त्यांचे नाव बदलून दिले. संघाच्या नावात जो विनय होता तोच एका तरुणाच्या नावावर असा हळुवारपणे लागू झाला.

चौदाव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक मठाची भिक्षेची हद्द आखलेली असे आणि त्या हद्दीत फिरणाऱ्या बंधूला 'लिमिटर' म्हणत. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील फ्रायर हा असाच हद्दवाला आहे. ओळख आता इतकी पक्की झाली होती की तिचाच शाप झाला. इंग्रज धर्मसुधारक विक्लिफ यांच्या अनुयायांनी चारही संघांची लॅटिन आद्याक्षरे जुळवली, म्हणजे कार्मेलाइटांचे सी, ऑगस्टिनियनांचे ए, जाकोबँचे त्या काळच्या लिपीतील आय आणि मिनोरांचे एम, आणि त्यातून 'काइम' हा शब्द वाचला, जे त्या काळच्या इंग्रजीत बायबलमधील काइनचे नाव होते. ज्यांनी स्वतःला भाऊ म्हणवले त्यांच्या नावांतून सख्ख्या भावाचा खून करणाऱ्याचे नाव काढून दाखवणे, याहून जिव्हारी लागणारा घाव शब्दांनी घालता आला नसता.

महाराष्ट्राच्या भूमीशी या बंधूंचा संबंध पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा आहे. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन व त्यांचा सोबती तिबिलिसीचा देमेत्रियस हे एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात होते. पूर्वेकडील परंपरेच्या एका ख्रिस्ती कुटुंबात ते उतरले होते. त्या घरातील भांडणाची साक्ष देण्याच्या निमित्ताने त्यांना काझीपुढे बोलावले गेले, तिथे चर्चा धर्मावर गेली आणि अखेर चौघांचाही प्राण गेला. त्यांच्याबरोबर आलेले जॉर्डन कॅटालानी हे त्या वेळी गुजरातच्या बाजूला गेलेले होते. ते डोमिनिकन होते. परतल्यावर त्यांनी आपल्या संघाचे नसलेल्या या बंधूंचे मृतदेह मिळवून सोपाऱ्याला नेले आणि तेथील चर्चमध्ये पुरले. पुढे ओडोरिक ऑफ पोर्देनोने या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्या अस्थी उकरून चीनमधील आपल्या संघाच्या घरापर्यंत पोचवल्या. जॉर्डन यांनी त्याच वर्षी इराणमधील तब्रिझ, मराघा येथे असलेल्या बंधूंना पत्र लिहिले तेव्हा ते डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दोघांनाही उद्देशून लिहिले, आणि ठाण्याच्या व सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर, जिथे काळा झगा आणि करडा अंगरखा यांतला फरक सांगू शकेल असा दुसरा कोणी नव्हता, तिथे ते एकटेच उरले होते.